घरच्या संगणकाचे दप्तर : वाटणी आणि जतन

फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' १६१६ साली गोव्यातील रायतूर येथे छापले गेले. पुढे १६४९ आणि १६५४ साली त्याच्या आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. तीन वेळा छापखान्यातून बाहेर पडलेल्या या ग्रंथाची त्या काळची एकही छापील प्रत आज उपलब्ध नाही. तरीही ग्रंथ मराठी वाचकांच्या हाती आहे, याचे कारण लोकांनी त्याच्या हस्तलिखित नकला उतरून घेतल्या होत्या आणि त्या गोव्याबाहेरही पोचल्या होत्या. १९०७ साली मंगळूर येथे जोसेफ सालढाणा यांनी हा ग्रंथ पुन्हा छापला, तो अशाच नकलांच्या आधारे. मूळ वस्तू कितीही पक्की असली तरी ती एकाच जागी असेल तर तिचा भरवसा धरता येत नाही. नकला अनेक आणि ठिकाणे निराळी असतील, तरच ती टिकते.

हा जुना धडा आजच्या घरात पुन्हा गिरवण्याची वेळ आली आहे. पूर्वी घराचे दप्तर लाकडी पेटीत असे. त्यात जमिनीचे उतारे, लग्नाचे फोटो, मुलांची प्रमाणपत्रे, वडिलांची पत्रे असत. आता हे सारे संगणकाच्या हार्ड डिस्कमध्ये जाऊन बसले आहे. पेटीला वाळवी लागली तर चार कागद तरी वाचत. हार्ड डिस्क बिघडली म्हणजे बहुधा सारे एकदमच जाते, आणि जाण्यापूर्वी ती सूचना देईलच असे नाही. म्हणून या डिस्कची आतली वाटणी कशी करावी आणि तिच्यातील मजकुराची दुसरी प्रत कशी राखावी, या दोन गोष्टी प्रत्येक सुशिक्षित कुटुंबाला ठाऊक असणे अगत्याचे आहे. पहिलीला पार्टिशन म्हणतात, दुसरीला बॅकअप. या दोहोंची गल्लत फार होते, आणि पुष्कळसे नुकसान त्या गल्लतीतूनच उद्भवते.

प्रथम डिस्क म्हणजे काय ते पाहू. आय. बी. एम. या अमेरिकन कंपनीने १९५६ साली पहिली हार्ड डिस्क बाजारात आणली. तिच्यात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या एका दांड्यावर फिरत. यंत्राचे वजन एक टनाहून अधिक होते, आणि त्यात सुमारे ५० लाख अक्षरे मावत. आज मोबाइलवर काढलेल्या एकाच छायाचित्राला कधीकधी तेवढी जागा लागते. आताची एक टेराबाइटची डिस्क तळहातावर मावते. तिचे दोन प्रकार घरोघरी आढळतात. एका प्रकारात चुंबकीय लेप दिलेल्या तबकड्या मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेतात आणि वाचणारा काटा त्यांना न टेकता अगदी निकटून फिरतो. चालू असताना धक्का बसला तर हा काटा तबकडीला घासतो आणि लेप खरवडला जातो. दुसऱ्या प्रकारात फिरणारे काहीच नसते. विजेचा भार धरून ठेवणाऱ्या सूक्ष्म पेशींत मजकूर साठवला जातो. याला एस. एस. डी. म्हणतात. ही वेगवान असते आणि धक्के सोसते. पण तिच्यातून पुसलेला मजकूर परत मिळणे बहुधा अशक्य असते, आणि वर्षानुवर्षे विजेवाचून पडून राहिल्यास तिच्यातील भार ओसरू शकतो. दोन्ही प्रकार उपयोगी आहेत, आणि दोन्ही नाशवंत आहेत.

विकत घेतलेल्या डिस्कवर एक टेराबाइट असे लिहिलेले असते, पण विंडोज ती सुमारे ९३१ गिगाबाइट दाखवते. यात दुकानदाराची लबाडी नाही. कारखानदार एक लाख कोटी बाइट म्हणजे एक टेराबाइट असे दशमान पद्धतीने मोजतो, आणि विंडोज त्याच संख्येला १०२४ ने तीनदा भागते. माप एकच आहे, पायली निराळी आहे.

आता वाटणीकडे वळू. जुन्या वाड्यात ओसरी, माजघर, कोठीघर आणि देवघर असे भाग असत. छप्पर एकच, जोते एकच. पण धान्य कोठीत राही आणि पाहुणे ओसरीवर बसत. डिस्कचे पार्टिशन असेच असते. वस्तू एकच, पण तिच्या पृष्ठावर सीमा आखून निरनिराळे भाग केलेले असतात, आणि संगणक प्रत्येक भागाला स्वतंत्र डिस्कसारखे वागवतो. या सीमा कोठे आहेत याची नोंद डिस्कच्या आरंभी एका छोट्या तक्त्यात असते. १९८३ साली डॉसच्या दुसऱ्या आवृत्तीबरोबर रूढ झालेल्या पद्धतीत हा तक्ता ५१२ बाइटांच्या पहिल्या कप्प्यात बसवलेला असे. त्यातील ४४६ बाइट संगणक सुरू करणाऱ्या आज्ञांना, ६४ बाइट चार भागांच्या नोंदींना आणि शेवटचे दोन बाइट खुणेला. चारच नोंदींची सोय असल्यामुळे मुख्य भागही चारच होऊ शकत, आणि सुमारे २.२ टेराबाइटपलीकडची जागा या तक्त्याला मोजताच येत नसे. नव्या संगणकांत त्याच्या जागी जी. पी. टी. नावाचा तक्ता असतो. त्यात साधारणपणे १२८ भागांची सोय असते, आणि तक्त्याची दुसरी प्रत डिस्कच्या अगदी शेवटी ठेवलेली असते. तक्ता बनवणाऱ्यांनाही एका प्रतीवर विसंबून राहणे धोक्याचे वाटले, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

पहिल्या भागाला 'सी' हे अक्षर का, असे मुले विचारतात. 'ए' आणि 'बी' ही अक्षरे जुन्या फ्लॉपींसाठी राखून ठेवलेली होती. फ्लॉपी गेल्या, पण अक्षरांची ती प्रथा राहिली.

वाटणी करण्यात लाभ कोणता? मुख्य लाभ असा की, विंडोज व इतर प्रणाली एका भागात राहते आणि घरचा मजकूर दुसऱ्या भागात. प्रणाली बिघडली आणि 'सी' भाग पुसून ती नव्याने घालावी लागली, तरी 'डी' भागातील फोटो आणि कागदपत्रे जागच्या जागी राहू शकतात. दुसरे असे की, बॅकअप घेताना नेमके काय उचलायचे ते स्पष्ट असते. ज्यांना एकाच संगणकावर विंडोज आणि लिनक्स अशा दोन्ही प्रणाली हव्या असतात, त्यांना तर स्वतंत्र भाग करावेच लागतात. लिनक्स वापरणारे बहुधा प्रणालीचा भाग आणि 'होम' हा घरचा भाग वेगळा ठेवतात, त्यामागचा विचारही हाच.

परंतु वाटणीची मर्यादाही तितकीच स्पष्ट सांगितली पाहिजे. वाड्याच्या माजघरातील दागिने कोठीघरात नेऊन ठेवले म्हणून वाडा जळताना ते वाचत नाहीत. 'सी' मधील फोटोंची एक नक्कल 'डी' मध्ये ठेवली की बॅकअप झाला, असे मानणारे गृहस्थ पुष्कळ आहेत. त्यांच्या डिस्कची मोटर बंद पडते किंवा लॅपटॉप चोरीला जातो, त्या दिवशी 'सी' आणि 'डी' दोन्ही बरोबरच जातात. वाटणी म्हणजे व्यवस्था. ती संरक्षण नव्हे.

ज्या लॅपटॉपमध्ये २५६ गिगाबाइटची लहान एस. एस. डी. आहे, त्यात वाटणी करण्याच्या भरीस न पडणेच शहाणपणाचे. एक भाग भरून जातो आणि दुसरा रिकामा राहतो, अशी अडचण तेथे हमखास येते. तेथे नीट नावे दिलेले फोल्डर पुरेसे आहेत. डिस्क ५१२ गिगाबाइटची किंवा मोठी असेल तर मात्र वाटणी सोयीची ठरते. एक टेराबाइटच्या डिस्कमध्ये प्रणालीसाठी २०० ते २५० गिगाबाइट आणि उरलेली जागा घरच्या मजकुरासाठी, हे प्रमाण बहुतेक कुटुंबांना मानवते. प्रणालीचा भाग काठोकाठ भरू देऊ नये. दहावा-सातवा हिस्सा तरी मोकळा असावा.

प्रत्यक्ष कृतीपूर्वी तीन गोष्टी कराव्यात. पहिली, सर्व मजकुराची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी. सीमा हलवताना काही चुकले तर तीच आधार असते. दुसरी, लॅपटॉपला चार्जर लावावा आणि मेजावरच्या संगणकाला यू. पी. एस.; काम अर्धवट असताना वीज गेली तर सीमांचा तक्ता विस्कटतो. तिसरी, नव्या विंडोजमध्ये बिटलॉकर नावाचे कुलूप पुष्कळदा आपोआप चालू असते. त्याची ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवावी. ती नसेल तर एखाद्या दिवशी स्वतःच्याच घराच्या दाराबाहेर उभे राहण्याची पाळी येते.

मग 'स्टार्ट'च्या चिन्हावर माउसचे उजवे बटण दाबून 'डिस्क मॅनेजमेंट' उघडावे. तेथे डिस्कचे भाग पट्टीसारखे आखलेले दिसतात. सुमारे १०० मेगाबाइटचा एक लहानसा भाग आणि 'रिकव्हरी' नावाचा दुसरा भाग दिसेल. ते निरुपयोगी वाटले तरी त्यांना हात लावू नये. पहिल्यावाचून संगणक सुरूच होत नाही. 'सी' वर उजवे बटण दाबून 'श्रिंक व्हॉल्यूम' निवडावे आणि किती जागा मोकळी करायची तो आकडा मेगाबाइटमध्ये लिहावा. एक गिगाबाइट म्हणजे १,०२४ मेगाबाइट. तेव्हा २०० गिगाबाइटसाठी २,०४,८०० हा आकडा येतो. कधीकधी जागा रिकामी असूनही विंडोज तेवढी देत नाही, कारण न हलणाऱ्या काही फाइली मधेच बसलेल्या असतात. अशा वेळी बळजबरी न करता मिळेल तेवढ्यावर समाधान मानावे. मोकळी झालेली जागा 'अनअलोकेटेड' म्हणून दिसते. तिच्यावर उजवे बटण दाबून 'न्यू सिंपल व्हॉल्यूम' निवडले, एन. टी. एफ. एस. ही पद्धत आणि एक अक्षर दिले, की नवा भाग तयार होतो. त्याला 'घर' किंवा 'दप्तर' असे नावही देता येते. मागे कधी हा भाग मोडून जागा 'सी' ला परत द्यायची झाली, तर मोकळी जागा 'सी' च्या लगत उजवीकडे असेल तरच विंडोजचे हे साधन ती जोडते, एवढे लक्षात असावे.

येथपर्यंत झाली व्यवस्था. आता खऱ्या संरक्षणाचा विचार करू. जगभरचे जाणकार त्यासाठी एक सोपे सूत्र सांगतात. पीटर क्रोग या अमेरिकन छायाचित्रकाराच्या नावाशी ते जोडले जाते. सूत्र असे : प्रती तीन, साधने दोन प्रकारची, आणि एक प्रत घराबाहेर. मूळ संगणकातील एक, बाहेरच्या डिस्कवरील दुसरी आणि दुसऱ्या गावी किंवा इंटरनेटवरील साठ्यात तिसरी. या तिन्हींवर एकाच वेळी संकट येणे फारच दुर्मीळ.

घराबाहेरची प्रत कशाला, असा प्रश्न पडणाऱ्यांनी अलीकडची काही वर्षे आठवावीत. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा आणि पंचगंगेच्या पुराने सांगली-कोल्हापूर बुडाले, बेळगाव जिल्ह्यातही पाणी शिरले. ऑक्टोबर २०२० मध्ये हैदराबादच्या वस्त्या पाण्याखाली गेल्या. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचे पाणी वडोदऱ्यातील घरांत घुसले. अशा वेळी संगणक आणि त्याच्याच शेजारी खणात ठेवलेली बॅकअपची डिस्क यांची गत एकच होते. लेकीच्या सासरी, धाकट्या भावाकडे किंवा विश्वासू स्नेह्याच्या कपाटात एक डिस्क ठेवली, तर हे टळते. दिवाळीला आणि मे महिन्यात येणे-जाणे होतेच; त्या वेळी जुनी डिस्क आणावी आणि ताजी ठेवून यावी. तिच्यात बँकेची किंवा आधारची कागदपत्रे असतील तर ती परवलीच्या शब्दाने कुलूपबंद करावी, आणि तो शब्द घरातील आणखी एका माणसाला ठाऊक असावा. गोवा-कोकणच्या दमट हवेत डिस्क हवाबंद डब्यात, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावी.

इंटरनेटवरील साठा ही तिसऱ्या प्रतीची दुसरी सोय. तीत दोन गोष्टी समजून घ्याव्यात. पहिली वेळेची : सेकंदाला १० मेगाबिट वेगाने २०० गिगाबाइट वर चढवायला सुमारे ४५ तास लागतात, म्हणून आरंभी धीर धरावा लागतो. दुसरी अधिक महत्त्वाची. गूगल ड्राइव्ह, वनड्राइव्ह यांसारख्या सेवा संगणकातील फोल्डर आणि वरचा साठा सारखे ठेवतात. घरी चुकून फाइल पुसली तर वरचीही पुसली जाते. ती कचरापेटीत साधारण ३० दिवस राहते, पुढे मिळत नाही. आरसा आपल्यासारखेच करतो, म्हणून आरशाला साक्षीदार मानता येत नाही. या सेवा जरूर वापराव्यात, पण बाहेरची डिस्क सोडून देऊ नये.

बाहेरच्या डिस्कवर प्रत घेण्यासाठी फार कौशल्य लागत नाही. विंडोजमध्ये 'फाइल हिस्टरी' हे साधन २०१२ पासून आहे, मॅकवर 'टाइम मशीन' २००७ पासून आहे. लिनक्सवर 'आरसिंक' ही आज्ञा प्रचलित आहे. ही साधने एकदा पूर्ण प्रत घेतात आणि नंतर बदललेले तेवढेच उचलतात. काहीच जमले नाही तर 'दप्तर' हा संपूर्ण भाग नुसता कॉपी करून त्या दिवशीच्या तारखेच्या फोल्डरमध्ये ठेवावा, तेही चालते. पेन ड्राइव्ह मात्र ने-आण करण्यापुरता ठीक. आयुष्यभराच्या ठेवीसाठी तो एकटा पुरा पडत नाही.

काम संपताच डिस्क काढून ठेवावी. १२ मे २०१७ पासून 'वॉनाक्राय' नावाच्या घातक प्रोग्रामने सुमारे १५० देशांतील संगणकांतील फाइली कुलूपबंद करून खंडणी मागितली. असे प्रोग्राम संगणकाला जोडलेल्या बाहेरच्या डिस्कवरही हात टाकतात. जी डिस्क कपाटात बंद आहे, तिला ते स्पर्श करू शकत नाहीत. आणि एखादे वेळी जोडलेली डिस्क उघडण्याऐवजी 'वापरण्यापूर्वी फॉरमॅट करावी लागेल' असा संदेश आला, तर घाईने 'हो' म्हणू नये. संदेश बंद करून दुसरी केबल किंवा दुसरा संगणक लावून पाहावा, आणि तरीही न उघडल्यास जाणकाराला दाखवावी. मजकूर पुष्कळदा आत शाबूत असतो. ते बटण दाबल्यानेच तो दुरावतो.

मराठी घरांची एक खास अडचण येथे सांगितली पाहिजे. युनिकोड रुळण्यापूर्वी पुष्कळांनी आपले लेख, नाटके, वंशावळी आणि मंडळांचे अहवाल श्रीलिपी किंवा तत्सम फॉन्टमध्ये टंकलिखित केले. त्या फाइलींत देवनागरी अक्षरे नसून इंग्रजी चिन्हांना दिलेले मराठी रूप असते. फाइल जपली पण फॉन्ट हरवला, तर नव्या संगणकावर निव्वळ अगम्य चिन्हांची रांगोळी दिसते. म्हणून अशा फाइलींबरोबर त्यांच्या फॉन्टची फाइलही ठेवावी, एक प्रत पी. डी. एफ. करावी आणि सवड काढून मजकूर युनिकोडमध्ये आणावा. नक्कल जपणे म्हणजे ती वाचता येईल अशी जपणे.

शेवटची गोष्ट सर्वांत जास्त विसरली जाते. बॅकअप घेतला म्हणजे तो आहेच, असे समजू नये, उघडून पाहावा. १९९८ साली अमेरिकेतील पिक्सार या चित्रसंस्थेत 'टॉय स्टोरी २' या चित्रपटाच्या फाइली एका चुकीच्या आज्ञेमुळे धडाधड पुसल्या जाऊ लागल्या. बॅकअपकडे धाव घेतली तो असे आढळले की तो पुष्कळ दिवस नीट होतच नव्हता, आणि कोणी तपासलेही नव्हते. गॅलिन सुसमन या तंत्रज्ञ बाईंना त्या सुमारास मूल झाले होते, म्हणून त्या घरून काम करीत आणि त्यांच्या घरच्या संगणकावर चित्रपटाची एक प्रत होती. तो संगणक चादरीत गुंडाळून गाडीतून सांभाळून आणला गेला आणि काम सावरले. एवढ्या मोठ्या संस्थेला एका आईच्या घरी असलेल्या प्रतीने तारले. सामान्य कुटुंबाने तीन महिन्यांतून एकदा बॅकअपची डिस्क दुसऱ्याच संगणकाला जोडून दहा-बारा फाइली उघडून पाहाव्यात, एखादे जुने छायाचित्र, एखादा अलीकडचा कागद. उघडल्या तर निश्चिंत झोपावे.

दर वर्षी ३१ मार्च हा दिवस 'जागतिक बॅकअप दिन' म्हणून पाळला जातो. हिशेबाच्या वह्या मिटवण्याचाही तोच दिवस, त्यामुळे लक्षात राहणे कठीण नाही. पण त्या दिवसाची वाट पाहण्याचे कारण नाही. ज्या घरात आजोबांच्या आवाजाची एकच ध्वनिफीत संगणकात आहे, किंवा आता हयात नसलेल्या आईचे एकच हसरे छायाचित्र आहे, त्या घराने हे काम येत्या रविवारीच करावे. नवा संगणक पैसे देऊन मिळतो, प्रणाली पुन्हा घालता येते. तो आवाज आणि ते हसू मात्र कोणत्याही दुकानात मिळत नाही. त्यासाठी एक डिस्क, दोन तास आणि तीन महिन्यांनी पुन्हा पाहण्याची सवय एवढेच लागते.